कोठडीतली विचारपूस

१

चपलेचा पट्टा लावून झाला, पिशवी खांद्यावर आली, दाराची कडी निघाली, तरी आतून काहीच आलं नाही.

ती थांबली. आई गेल्यावर शाळेच्या दप्तरासकट ती मावशीकडे राहायला आली, तेव्हापासून असं कधी झालं नव्हतं. ती चपलेशी वाकली रे वाकली की शिवणयंत्रामागून आवाज यायचाच. चिमणे, खाल्लंस का नीट? डबा घेतलास? पोचलीस की कळव. रोज तेच, त्याच क्रमाने. हिने हो गं, हो गं करत जिना उतरायचा. उत्तराची वाट मावशीही पाहत नसे. ते प्रश्न नव्हतेच मुळी, दार लोटताना बिजागरी वाजते तसा तो घराचा आवाज होता.

आज नुसतं यंत्र चालू होतं. तिने वळून पाहिलं. खिडकीच्या उजेडात बसलेली मावशी तिच्याकडेच बघत होती. मांडीवर कुणाची तरी पँट, ओठांत टाचण्या. ओठ हलले. टाचण्या तोंडात धरून बोललं की शब्द कुठले धड बाहेर पडायला, असं तिने स्वतःला समजावलं.

"येते गं," ती म्हणाली.

मावशीने मान हलवली, हसलीसुद्धा. म्हणजे राग नव्हता. रस्त्याला लागेपर्यंत तर तिला चक्क मोकळं वाटायला लागलं. चांगली शिकलेली, कमावती मुलगी. तिने खाल्लं की नाही याची चौकशी किती दिवस चालायची? कळलं म्हणायचं एकदाचं मावशीला. तरी कोपऱ्यावर आल्यावर तिने पिशवी चाचपली. डबा होता. मनात पाल चुकचुकली ती तेवढीच, आणि तिचं काय घेऊन बसायचं? हिच्या मनात पाल चुकचुकत नाही असा दिवसच नसायचा. बेल वाजली तरी दचकून जागची उडते म्हणून तर मावशीने नाव ठेवलं होतं चिमणी, आणि ऑफिसातही तेच चिकटलं होतं.

२

ऑफिस म्हणजे एका छापखान्याच्या डोक्यावरच्या तीन खोल्या. खालचं यंत्र सुरू झालं की टेबलावरची पेनं थरथरायची. दवाखाने, शाळा, लहानसहान दुकानं यांना येणारे ईमेल आधी इथून जायचे, फिल्टरमधून गाळून. भंगार वाटेल ते फिल्टर बाजूला काढून ठेवी. त्या जागेला सगळे 'कोठडी' म्हणत. रोज सकाळी कोठडी उघडायची आणि चोरांबरोबर चुकून आत गेलेल्या भल्या माणसांना बाहेर काढायचं, हे तिचं काम.

काम तिला मनापासून आवडायचं. भित्र्या माणसाला शंका घेण्याचा पगार कुठे मिळतो? कुणाच्या रक्ताचा रिपोर्ट, कुणाच्या सहलीची सूचना, कुणाचं 'आजोबांना बरं नाही, निघून ये'. असलं काही कोठडीत सापडलं आणि तिने बाहेर सोडलं की दिवसभर तिचं चित्त प्रसन्न असे. शंका फिटली नाही तर सरळ पाठवणाऱ्याला फोन लावायचा आणि विचारायचं, हे तुम्हीच पाठवलंत ना? ही पद्धत मास्तरांची. फिल्टर त्यांनी बसवलेलं. ते आधी शाळेत गणित शिकवत, म्हणून मास्तर. "शंभर चोर सुटले तरी चालतील," ते म्हणत, "पण एका भल्या माणसाला दारातून परत पाठवायचं नाही."

पण मास्तर बायकोच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर गेले आणि नेमकी तेव्हाच टोळधाड आली. सगळ्या ईमेलची सुरुवात एकच: 'बाळा, ओळखलंस का मला?' पुढे मायेचा पूर. जेवलीस का, पोचलीस का, तब्येतीला जप, तुझी फार आठवण येते. आणि शेवटी, माझा फोन हरवलाय गं, जरा इथे दाब. एका दवाखान्यातल्या नर्सला तिची वारलेली आजीच आठवली. ती रडली आणि रडता रडता दाबून बसली. पुढे किती तरी वेळ त्या दवाखान्याला पेशंटांचे कागद उघडता येईनात. डॉक्टर फोनवर असे ओरडले की चिमणीच्या हातातला कप खाली आला.

तिने दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बसून स्वतः एक नियम लिहिला. मायेची ती सगळी वाक्यं त्यात घातली. ज्यात ती दिसतील ते ईमेल कोठडीत. आणि एकही सुटायला नको म्हणून तो नियम तिने सगळ्यांच्या वर बसवला, अगदी ओळखीच्या माणसांच्या यादीच्याही वर. खरं तर आधी ओळख बघायची आणि मग चाळण लावायची. पण दुधाने तोंड भाजलं होतं, आता ताकही फुंकून प्यायचं होतं.

टोळधाड थांबली ती थांबलीच. डॉक्टरांनी पुन्हा फोन केला, या वेळी हळू आवाजात. मालकीणबाई बाहेरच्या खोलीत सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या की चिमणी कसली, घार आहे ही पोरगी. ती घरी गेली ती तरंगतच. रात्री शांत झोपली.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती चपलेशी वाकली, तेव्हा घर गप्प होतं.

३

पुढचे दिवस, खरं सांगायचं तर, सुखाचे गेले. मावशी काही मुकी झाली नव्हती. उलट भरभरून बोलायची. कुणाची झिप पुन्हा अडकली, कुणी एकदा बारीक झाले म्हणून आणि एकदा जाड झाले म्हणून तोच ड्रेस दोनदा आणला, खालच्या मजल्यावरच्यांनी मांजराला गळपट्टा शिवून मागितला. दोघी हसायच्या. फक्त मधेच मावशीच्या बोलण्यात खड्डा पडायचा. ओठ हलत असायचे, भुवया नेहमीसारख्या काळजीने वर गेलेल्या असायच्या, आणि ऐकू काही यायचं नाही. वर पंखा फिरताना ऐकू यायचा. रस्त्यावरची स्कूटर ऐकू यायची. मग एकदम, वाक्याच्या मधूनच, मावशीचा आवाज परत यायचा: "...आणि वर म्हणते कशी, शिवण उसवली ती तुमच्या दोऱ्याने."

"मधे काय म्हणालीस?" तिने एकदा विचारलं.

मावशीने परत सांगितलं. ओठ हलले, पंखा फिरला.

कानात मळ असणार, असं तिने ठरवलं. विचार आल्यावर तिला बरंच वाटलं, कारण मळ काढता येतो. कानाच्या डॉक्टरांनी दिवा लावून दोन्ही कान पाहिले, पडद्याआडून बारीक बारीक आवाज ऐकवले, आणि शेवटी म्हणाले की तुमचे कान मांजराचे आहेत, उगाच पैसे कशाला घालवता.

ती हसतच बाहेर आली. बाहेरच्या बाकावर एक बाई आणि तिची लहान मुलगी बसली होती. मुलीच्या कानाला कापूस लावलेला. बाई मुलीच्या केसांवरून हात फिरवत, तिच्या चेहऱ्याजवळ तोंड नेऊन काहीतरी बोलत होती. ओठ हलत होते. मुलगी समोरच्या भिंतीकडे बघत रडत होती, जणू शेजारी कुणी नाहीच. बाईने पुन्हा तेच म्हटलं, तिसऱ्यांदा म्हटलं. मग तिने हात काढून घेतला आणि स्वतःच्या मांडीवर ठेवला.

नंबर पुकारणाऱ्या कंपाउंडरचा आवाज मात्र खणखणीत येत होता.

आता तिला आपल्या नियमातली वाक्यं आठवली. तरीही बुद्धी म्हणत होती, सुतावरून स्वर्ग गाठू नकोस. फिल्टर ऑफिसात आहे. ते ईमेल चाळतं. माणसांची तोंडं चाळत नाही.

४

तिने तिथूनच मास्तरांना फोन लावला. घरचं काही बोलली नाही. वेड्यात काढतील म्हणून. त्यांच्या बायकोचा डोळा कसा आहे ते विचारायला गेली, तर मास्तर नुसतेच हॅलो हॅलो करत राहिले. म्हणून मग नियमाचं सांगितलं. ते व्यवस्थित पोचलं. त्यांनी कौतुक केलं आणि मग जरा थांबून विचारलं, ओळखीची यादी वर आहे ना?

"खाली आहे," ती म्हणाली.

"हां, म्हणजे घोडं तिथे पेंड खातंय," मास्तर म्हणाले. "अगं, फिल्टर शिकतं. आज शब्द अडवेल. उद्या ते शब्द वारंवार वापरतो कोण, ते बघेल आणि त्या माणसालाच अडवेल. मग त्याने काही का लिहिलेलं असेना. सुक्याबरोबर ओलंही जळतं ते असं. उद्या सुट्टी आहे, परवा गेल्या गेल्या बदल, म्हणजे झालं."

घरी आली तर मावशी यंत्रावर बसली होती. पाय पायडलवर हलत होते, चाक फिरत होतं, सुई खालीवर होत होती, कापड पुढे सरकत होतं. यंत्राचा आवाज नव्हता.

ती दारातच उभी राहिली. पंखा ऐकू येत होता. नळाचं थेंब थेंब पाणी ऐकू येत होतं. मावशी खोकली, छाती हलली तेवढीच. मग तिने हिला पाहिलं, उठली, दोन्ही हातांनी हिचा चेहरा धरला आणि बोलायला लागली. तिचे हात ऊबदार होते आणि त्यांना कापडाच्या खळीचा वास होता. म्हणजे सगळं होतं. एक आवाज सोडून सगळं होतं.

मावशी काही मूर्ख नव्हती. तिनेही ओळखलं होतं. तिने टेबलावर काळं कापड पसरलं, शिंप्याचा खडू घेतला आणि ठासून चार अक्षरं लिहिली. खडू झिजताना दिसला. कापड काळंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी, ऐन दुपारी, पँट न्यायला गिऱ्हाईक आलं. चिमणी स्वयंपाकघरात होती. नेहमीचे गृहस्थ, मावशीशी थट्टा केल्याशिवाय न जाणारे. मावशीने दार उघडलं, घडी केलेली पँट त्यांच्यासमोर धरली. गृहस्थांनी तिच्या खांद्यावरून आत पाहिलं.

"कुणी आहे का घरात?" त्यांनी हाक मारली. "दार सताड उघडं टाकून गेले कुठे सगळे?"

मावशीला आधी ती थट्टाच वाटली असावी. ती हसली. पँट अजून पुढे केली. गृहस्थ जरा थांबले, घड्याळ पाहिलं, आणि दार हळूच ओढून घेऊन जिना उतरून गेले. दाराची बिजागरी स्वच्छ वाजली.

मावशी तशीच उभी होती. मग ती वळली. आयुष्यात कधी न घाबरलेली बाई. पण त्या वेळी तिच्या डोळ्यांत जे होतं ते बघून चिमणीने चपला पायात सरकवल्या, पट्टा न लावताच.

"मी आलेच," ती म्हणाली. "मावशी, मी आत्ता आले. तू इथेच बस."

मावशी दारापर्यंत आली. हातवारे करून काहीतरी सांगत राहिली. चिमणी जिना उतरत राहिली.

५

सुट्टीच्या दिवशी छापखाना बंद, त्यामुळे इमारत कधी नव्हे ती स्वस्थ होती. खिडकीतून ऊन थेट तिच्या टेबलावर आलं होतं. इतर वेळी ती त्या उन्हात दोन मिनिटं हात ठेवून बसली असती. तिने कोठडी उघडली.

दवाखाने बंद, शाळा बंद, दुकानं बंद. ईमेल यायला नको होते. पण कोठडीत ओळीवर ओळ येत होती. पाठवणाऱ्याच्या जागी काही नाही. विषयाच्या जागी काही नाही. ती बघत असतानाच वर एक नवी ओळ सरकली. तिने ती उघडली.

'पोचलीस का?'

तिने हात मागे घेतला. मागे वळून पाहिलं. खुर्च्या, कपाट, बंद दार. पुन्हा पडद्याकडे पाहिलं तेव्हा अजून एक ओळ आली होती.

'डबा विसरलीस चिमणे.'

तिने पिशवी उघडली. डबा नव्हता. मावशी दारात हातवारे करत होती ते यासाठी. अंगावर काटा यायला हवा होता, तो आलाही, पण त्याआधी तिला रडू आलं. तिने नियम उचलून पार खाली टाकला, ओळखीची यादी सगळ्यात वर नेली. आता राहिले ते आत अडकलेले.

ती वरून खाली ओळी उघडत गेली. 'चप्पल नीट घाल.' ही मावशी, उघड होतं. 'दुखतंय का गं फार? आता थांबेल हं.' ही त्या बाकावरची बाई असेल. 'रात्री पांघरूण घेतोस ना?' कोण कुणाला म्हणत होतं कोण जाणे. पाठवणारा कोरा, मग फोन कुणाला लावायचा? आणि यांच्याच मधे मधे, तशाच कोऱ्या, त्या टोळधाडीतल्या ओळीही होत्या. एक उघडली, दुसरी उघडली. इतक्या जवळजवळ बसल्या होत्या सगळ्या, एकमेकींना चिकटून, की निवडत बसलं तर संध्याकाळ झाली असती. वर नव्या ओळी येत होत्या, पण आता सावकाश. आधी शब्द होते, मग तुटक शब्द झाले. 'चिम.' 'ऐक.' त्यानंतर आली ती ओळ नुसतीच कोरी होती. त्यानंतर काही आलंच नाही.

आजवर तिने न तपासता एकही ईमेल सोडला नव्हता. मास्तरांचा शब्द तिने मनात धरला, शंभर चोर सुटले तरी चालतील, आणि 'सगळे सोडा'वर बोट ठेवलं.

कोठडी क्षणात रिकामी झाली. त्या रिकाम्या पडद्यात तिला आपला चेहरा दिसला, आणि मागचं कपाट, आणि दार. दार तिने आल्यावर लावून घेतलं होतं. आता ते हातभर उघडं होतं. आत कुणी आल्यावर उघडं राहतं तसं नव्हे, बाहेर पडणाऱ्याने ओढून घ्यायला विसरावं तसं. जिन्यावर पावलं वाजत होती, खाली जाणारी, बरीच, घाई नसलेली. ती रस्त्यावर पोचली आणि मग ऐकू येईनाशी झाली.

६

तिने मावशीला फोन लावला.

रिंग गेली. उचलला नाही. त्यात नवल नव्हतं. मावशीचा फोन कायम कापडांच्या ढिगात कुठेतरी पुरलेला असे, तो सापडेपर्यंत रिंग संपून जाई. तिने पुन्हा लावला. खिडकीखाली रस्त्यावर एक आई मुलाला हाताला धरून नेत होती आणि जोरजोरात बजावत होती, हळू चाल, पडशील. ऐकू येत होतं. एकूण एक शब्द ऐकू येत होता. मुलगा चिरक्या आवाजात उलट उत्तर देत होता. तिला हसू फुटलं. सगळं सुरळीत झालं होतं. खालच्या पानवाल्याला कुणीतरी विचारत होतं, बरा आहेस ना रे?

पुन्हा रिंग. तिने मनाशी ठरवलं, आज आपण आधी विचारायचं. इतक्या वर्षांत मावशीला एकदाही विचारलं नव्हतं, तू जेवलीस का म्हणून. विचारायचं, मग ती म्हणेल, चिमणे, आज सूर्य कुठून उगवला? बाळा-बिळा, सोन्या-बिन्या असलं तिच्या तोंडात कधी आलंच नव्हतं. लाडात असो, रागात असो, चिमणेच.

ऊन टेबलावरून सरकून तिच्या मनगटावर आलं. छान ऊब होती. रिंग वाजत राहिली, थांबली, तिने पुन्हा लावला.

या वेळी उचलला गेला.

मागे शिवणयंत्र चालल्याचा आवाज येत होता, खडखड, खडखड, नेहमीसारखा, आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हणजे मावशी यंत्रावर होती. दुसऱ्याच क्षणी तिच्या लक्षात आलं की यंत्र चालू आहे ते लांब, पलीकडच्या भिंतीला, आणि थांबत नाहीये; फोन कुणी उचलला ते यंत्रावर बसलेल्या बाईला माहीतच नसावं.

फोन ज्याने उचलला होता तो अगदी जवळ होता. त्याने श्वास घेतला. आणि मग आवाज आला, मावशीचाच, तोच काळजीने वर चढणारा, मायेने ओथंबलेला:

"बाळा, ओळखलंस का मला?"